चार दरवाजापासून तीन दरवाजापर्यंत

पन्हाळगडाचा आकार ढोबळमानाने त्रिकोणी आहे आणि त्याच्या तटबंदीचा घेर सात किलोमीटरांहून अधिक भरतो. या घेराच्या बऱ्याच भागात तट बांधण्याची फारशी गरजच पडली नाही. कडाच इतका सरळ तुटलेला आहे, की त्यावर जंग्या असलेली छातीभर भिंत घातली आणि काम भागले. जिथे डोंगराने हात आखडता घेतला तिथे मात्र जाडजूड तट आणि गोल बुरूज आले. गडाच्या पूर्वेला पावनगड आणि त्यापलीकडे जोतिबाचा डोंगर, पश्चिमेला मसाईचे लांबलचक पठार, उत्तरेला वारणेचे खोरे आणि दक्षिणेला कासारीचे. गडावर दिशा चुकलेल्या माणसाला या चार खुणा पुरतात. जोतिबाचा डोंगर समोर दिसला की आपण पूर्वेच्या कड्यावर आहोत, आणि सपाट, झाड नसलेले पठार दिसले की पश्चिमेच्या. पावसाळ्यात धुके उतरते तेव्हा दोन्ही दिसत नाहीत. मग गडावरच्या माणसांना विचारावे लागते.

माणसे विचारायला मिळतात, हे पन्हाळ्याचे वेगळेपण. रायगड किंवा राजगडासारखा तो केवळ पाहण्याचा गड नाही. ते नगरपालिका असलेले गाव आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या जेमतेम तीन हजारांच्या वर होती. तरीही तालुक्याच्या कचेऱ्या, न्यायालय, शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा, पेठ आणि हॉटेले हे सगळे तटाच्या आत आहे. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याची गल्लत होते. तो किल्ला शोधत येतो आणि त्याला बाजारपेठ दिसते. बंगल्यांच्या मागे बुरूज, वसतिगृहाच्या जागी राजवाडा आणि वाहनतळाच्या पलीकडे आठशे वर्षांचा इतिहास असलेला तट, अशी ही मांडणी आहे. भिंतीवरच्या नकाशात ठिपके मोजून ती कळत नाही. दरवाजे, पाणी आणि धान्य कुठे होते हे समजले, की गड आपोआप उलगडत जातो.

कोल्हापूरच्या पूर्वेकडून, गडमुडशिंगीसारख्या गावातून निघणाऱ्याला आधी शहर ओलांडावे लागते. गांधीनगरची कापडपेठ आणि उजळाईवाडीचा विमानतळ यांच्या शेजारचे हे करवीर तालुक्यातले गाव. तिथून उचगाव, महामार्ग, शहर आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाला पंचगंगा, असा रस्ता आहे. दसरा चौक मागे पडला की सीपीआर रुग्णालयाजवळ टाऊन हॉलची टोकदार शिखरांची इमारत लागते. पुढे नदीकाठी ब्रह्मपुरीची टेकडी, मग शिवाजी पूल. या दोन जागा बहुतेक जण गाडीच्या काचेतून पाहून सोडून देतात. त्यांच्याकडे नंतर परत यावे लागणार आहे, एवढे इथे नोंदवून ठेवावे. पूल ओलांडला की रत्नागिरीचा रस्ता. केर्ली मागे टाकून तो वाघबीळला येतो आणि तिथे पन्हाळ्याची वाट फुटते. शहरापासून गड सुमारे वीस किलोमीटर आहे. महापुरात केर्लीजवळचा रस्ता पाण्याखाली जातो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी पाहून निघायचे, हे कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. बाहेरच्यांना सांगावे लागते.

वाघबीळनंतर वळणे घेत रस्ता गडाच्या पूर्व अंगाला भिडतो आणि गाडी एका जागी आत शिरते. या जागेला चार दरवाजा म्हणतात. दरवाजा मात्र दिसत नाही. दिसतात ते थोडे अवशेष, प्रवासी कराचा नाका आणि शिवा काशीद यांचा पुतळा. पूर्वेचा हा सर्वांत मोक्याचा दरवाजा इंग्रजांनी पाडला, त्याला निमित्त १८४४चा उठाव. कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी त्या वर्षी सामानगड, भुदरगड आणि पन्हाळा असे किल्ले धरले. पन्हाळ्यावर कर्नल ओव्हन्स हा इंग्रज अधिकारी त्यांच्या कैदेत होता. १ डिसेंबर १८४४ला जनरल डेलामोटच्या फौजेने तोफांनी तट फोडून गड घेतला आणि मग तटबंदीचा काही भाग मुद्दाम उतरवला. आज ज्या वाटेने एसटी सहज आत येते ती गडाची मूळ रचना नव्हे, गडाच्या पराभवाने मोकळी झालेली वाट आहे. दरवाजा असता तर वळण, देवडी आणि अरुंद कमान यांतून गाडी गेलीच नसती. तटाला पडलेले हे खिंडार निसर्गालाही सापडले आहे. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत याच ठिकाणाजवळ रस्ता खचला आणि गडावरची वाहतूक बंद पडली.

आत आल्यावर पहिली ओळखीची जागा म्हणजे बाजीप्रभूंच्या पुतळ्याचा ऐसपैस चौक. एसटीचा थांबा त्याच्या थोडा वरच्या अंगाला आहे. कुणी कुणाला भेटायचे असेल, चुकामूक झाली असेल, गाडी लावायची असेल, तर याच चौकाचे नाव घेतले जाते. पेठ आणि सोमाळे तळे जवळपासच आहेत. तळ्याच्या काठी सोमेश्वराचे देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी आणि त्यांच्या हजार मावळ्यांनी इथे लाखभर चाफ्याची फुले वाहिली, अशी आठवण गडावर सांगतात. तळ्यापासून थोडे पुढे दोन समाध्या लागतात. त्यांतली उजवीकडची रामचंद्रपंत अमात्यांची, शेजारची त्यांच्या पत्नीची. राजारामांच्या जिंजीच्या काळात ज्यांनी महाराष्ट्रातला कारभार सांभाळला त्या माणसाची ही जागा इतकी साधी आहे, की पाटी नसती तर ओलांडून जाता आली असती.

नावांची गल्लत इथून सुरू होते. पुढे एका छोट्या गढीवजा आवारात संभाजी मंदिर आहे. येणारा प्रत्येक जण ते शिवपुत्र संभाजीराजांचे समजतो. ते आहे कोल्हापूरच्या गादीवरच्या दुसऱ्या संभाजींचे, जे राजारामांचे पुत्र होते आणि १७६०मध्ये वारले. त्यांची राणी जिजाबाई यांचे स्मारकही समोरच आहे, आणि तीही जिजाऊ नव्हेत. पन्हाळ्यावर दोन संभाजी आणि दोन जिजाबाई आहेत, हे सुरुवातीला कळले तर पुढे माहिती सांगणाऱ्याचे बोलणे नीट लागते. जवळच धर्मकोठी आहे. सरकारी धान्य आणून इथून गरजूंना वाटले जाई. शेजारच्या आडव्या इमारतीला रेडेमहाल म्हणतात. मुळात ती पागा. पुढे तिथे जनावरे बांधू लागले आणि घोड्यांचे नाव रेड्यांना गेले.

गडाचा मध्य शोधायचा तर अंबरखान्याकडे जावे. हाच जुना बालेकिल्ला. त्याला स्वतःचा खंदक होता. गडाच्या आत पुन्हा खंदक खोदून काय राखायचे होते, याचे उत्तर आत उभे आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती ही तीन धान्याची कोठारे. खजिना, दारूगोळा, कचेऱ्या आणि टांकसाळ हेही याच परिसरात होते, पण नद्यांची नावे दिली ती कोठारांना.

तिघींत गंगाकोठी सर्वांत मोठी. तिच्या जमिनीचे क्षेत्र साडेनऊशे चौरस मीटरांच्या आसपास आणि उंची दहा मीटरांहून थोडी जास्त आहे. बाहेरून ती एखाद्या बंद पेटीसारखी दिसते. खिडक्या नाहीत, शोभा नाही. दोन्ही बाजूंनी दगडी जिने वर छतावर चढतात. बरेच जण दारातून आत डोकावून परततात आणि छतावर जातच नाहीत. कोठी समजते ती मात्र छतावरच. सपाट गच्चीवर चौकोनी भोके दिसतात. आत सोळा खण आहेत, प्रत्येक खणावर घुमटाकृती छत आणि प्रत्येक छताला वर उघडणारे असे एक तोंड. पोती जिन्याने वर चढवायची, तोंडातून धान्य खाली ओतायचे आणि लागेल तेव्हा खालच्या दारातून काढायचे. जुने धान्य तळाशी, नवे वरती, म्हणून आधीचे आधी बाहेर निघते. गावाकडच्या कणगीचेच हे दगडी रूप आहे. वरी, नाचणी आणि भात मिळून पंचवीस हजार खंडी धान्य इथे मावत असे, असे सांगतात. पूर्वेच्या दाराशी एक कमानदार दालन आहे, त्याला सज्जा आहे आणि त्यावर विजापुरी धाटणीचे चुन्याचे काम टिकून आहे. आत शिरल्यावर उन्हाळ्यातही गारवा जाणवतो. डोळे सरावायला अर्धे मिनिट लागते आणि मग वरच्या भोकांतून पडणारे उजेडाचे चौकोन जमिनीवर दिसू लागतात.

कोठारांचा आकार आणि १६६०चा वेढा ही एकाच हिशेबाची दोन टोके आहेत. १० नोव्हेंबर १६५९ला अफझलखान मारला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. पुढच्या मार्चमध्ये आदिलशाहीच्या सिद्दी जौहरने वेढा घातला. तो पावसाळ्यातही उठला नाही. महाराज निसटेपर्यंत जवळपास चार महिने गड टिकला तो या धान्यावर आणि गडावरच्या पाण्यावर. वेढ्यात राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आला होता आणि आपले निशाण फडकवून त्याने गडावर मारा केला. त्याची किंमत राजापूरच्या वखारीला पुढच्याच वर्षी मोजावी लागली.

अंबरखान्यापासून पूर्वेकडे गेले की सज्जाकोठी येते. आदिलशाही काळातली ही दुमजली देखणी इमारत अगदी कड्यावर बांधली आहे. वरच्या मजल्यावरून खालची दरी, पावनगड आणि जोतिबा एका नजरेत येतात, आणि ती बांधली तीच मुळात नजर टाकण्यासाठी. संभाजीराजांना इथे कैदेत ठेवले होते असे सर्रास ऐकायला मिळते. वास्तविक त्यांना पन्हाळ्यावर ठेवले ते या प्रांताचा कारभार पाहण्यासाठी, असे दुसरे मत आहे. १६७८च्या अखेरीस मोगलांच्या दिलेरखानाकडे गेलेले संभाजीराजे वर्षभराने परतले ते पन्हाळ्यालाच. ज्या इमारतीला सगळ्या बाजूंनी कमानी आणि उघडे सज्जे आहेत ती तुरुंग म्हणून कुणी निवडली असेल, हे कोठीत उभे राहिल्यावर फारसे पटत नाही.

सज्जाकोठीच्या अलीकडे ताराराणींचा राजवाडा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ताराबाईंनी पन्हाळा राजधानी केली आणि कोल्हापूर राज्याचा कारभार १७८२पर्यंत इथूनच चालला. त्यानंतर तो खाली शहरात गेला. वाड्याचा उपयोग पुढे शाळा, वसतिगृह आणि कार्यालये यांसाठी होत राहिला. आतले देवघर पाहण्याजोगे आहे. नेहरू उद्यानाच्या खालच्या अंगाला महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि ते शिलाहारकाळाशी जोडले जाते. म्हणजे गडाच्या पहिल्या बांधणीचा धागा इथे हाताला लागतो. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा गड बांधला. ११९१-९२च्या सुमारास त्याचा दरबार इथे होता, असे ताम्रपटावरून कळते. पुढे देवगिरीच्या सिंघण यादवाने त्याचा पाडाव केला आणि गड यादव, बहामनी, आदिलशाही, मराठे, मोगल असा हातोहात फिरला. १७०१मध्ये औरंगजेबाची छावणी पन्हाळ्याला होती, तेव्हा इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस त्याला इथेच भेटला. गडाचे नावही बदलत आले. जुन्या लेखांत प्रणालक, पद्मनाल अशी रूपे येतात. जयराम पिंड्ये यांनी मराठ्यांच्या १६७३च्या पन्हाळा-विजयावर जे संस्कृत काव्य रचले त्याच्या नावात गडाला पर्णालपर्वत म्हटले आहे. पन्हाळा हे बोलीतले रूप या सगळ्यांना पुरून उरले.

उत्तरेकडे तबक उद्यान आणि वाघ दरवाजा. सहलीच्या शाळकरी मुलांचा डबा बहुधा उद्यानात उघडतो आणि दरवाजा तसाच राहतो. वाघ दरवाजाची रचना फसवी आहे. शत्रू आत घुसला की तो एका बंदिस्त चौकात अडकतो आणि वरून मारा होतो. आजचा पर्यटक तिथे उभा राहून पुढे वाट कुठे म्हणून शोधतो, तेव्हा बांधणाऱ्याचा हेतू तीनशे-चारशे वर्षांनीही साधतोच.

न्यायालयाजवळ दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेला दुतोंडी बुरूज आहे. कलावंतिणीचा सज्जा आणि पराशर ऋषींच्या नावाने ओळखली जाणारी लेणी ही आणखी ठिकाणे वेळ असेल तर पाहावीत. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९मध्ये पन्हाळ्याचा. गडावरचे ग्रंथालय त्यांच्या नावाने आहे.

वेळ राखून ठेवावा तो पश्चिमेसाठी. गडाची खरी हुशारी तिकडे आहे. माळावर तीन कमानींची एक काळ्या दगडाची वास्तू दिसते. लांबून ती धर्मशाळा वाटेल. ही अंधारबाव, काही जण तिला शृंगारबावही म्हणतात. ती तीन मजली आहे आणि तिचे दोन मजले जमिनीच्या पातळीखाली दडलेले आहेत. वळणदार जिना उतरत गेले की मधला ऐसपैस मजला लागतो. तिथे भिंतींत शिबंदीसाठी कोनाडे आहेत. सर्वांत तळाला खोल पाण्याची विहीर. एका बाजूने तटाबाहेर पडण्याचा चोरदरवाजा. वेढा घालणाऱ्याचे पहिले काम गडाचे पाणी बिघडवणे, विष टाकणे किंवा ताब्यात घेणे हे असते. म्हणून विहिरीवर घर बांधले आणि घरात शिपाई बसवले. समजा, सगळा गड पडला तरी एवढी वास्तू स्वतःच्या पाण्यावर आणि स्वतःच्या वाटेने काही काळ झुंजू शकली असती. गडाच्या पोटातला हा दुसरा गड आहे. जिना अरुंद आणि पायऱ्या घसरड्या आहेत. पावसाळ्यात तर हात भिंतीला ठेवूनच उतरावे.

अंधारबावेच्या खालच्या अंगाला तीन दरवाजा. चार दरवाजा जिथे नाव राखून नाहीसा झाला तिथे हा शाबूत आहे, आणि पन्हाळ्याचा दरवाजा कसा होता हे याच्यावरूनच समजून घ्यावे लागते. बाहेरची कमान, मग आतला चौक, चौकाच्या कडेला कमानींच्या ओवऱ्या, मग आतली कमान. घुसणाऱ्याला दोनदा थांबावे लागते आणि थांबलेल्या माणसावर वरून नेम धरता येतो. छताच्या मध्यभागी नक्षी आहे, आतल्या दाराच्या तुळईवर बारीक कोरीव काम आहे आणि त्यात गणपती आहे. दरवाजा इब्राहीम आदिलशहाच्या काळातला, त्यावर फारसी लेख. गणपती मराठ्यांनी नंतर बसवलेला. एका चौकटीवर दोन राजवटींनी आपापली सही केली आहे. दगडांच्या सांध्यांत शिसे ओतले होते असेही सांगतात.

६ मार्च १६७३च्या रात्री कोंडाजी फर्जंद अवघ्या ६० मावळ्यांनिशी गडावर चढले आणि गड पुन्हा स्वराज्यात आला. त्यांची वाट तीन दरवाजाच्या बाजूची होती अशी गडावरची समजूत आहे. आज त्याच बाजूला चुलीवरची झुणका-भाकरी, ठेचा आणि दही मांडून बायका बसतात. भूक लागल्यावर पन्हाळ्यावर वाट चुकत नाही, धुराकडे चालत राहायचे.

गडातून बाहेर जाण्याची सर्वांत प्रसिद्ध वाट मात्र दरवाजाची नाही, दिंडीची. राजदिंडी ही तटातली छोटी, अवघड उतरणीची वाट. १६६०च्या आषाढात, १२ जुलैच्या रात्री, महाराज या वाटेने वेढ्यातून निसटले असे मानले जाते. दुसऱ्या पालखीतून शिवा काशीद गेले. ते गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचे नाभिक, महाराजांसारखे दिसणारे. पालखी पकडली गेली, सोंग उघडे पडले, आणि तोवर खरी पालखी मसाईच्या पठारावर पोचली होती. पुढे घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, पाठलाग अडवायला बाजीप्रभू उभे राहिले. दर पावसाळ्यात हजारो तरुण पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत सुमारे ५० किलोमीटर चालत जातात, दोन दिवसांत. त्यांच्यासाठी गड हा मुक्काम नसून सुरुवात आहे. ज्यांना तेवढे चालायचे नाही त्यांनी पश्चिम टोकाच्या पुसाटी बुरुजावर जावे. तिथून मसाईचे पठार समोर पसरलेले दिसते, आणि त्या रात्री कोणत्या दिशेने, किती उघड्यावरून जायचे होते हे पुस्तकापेक्षा लवकर कळते.

एवढे फिरून झाल्यावर प्रश्न पडतो, की या गडाच्या वस्तू कुठे आहेत? जगातल्या अनेक किल्ल्यांत ही सोय किल्ल्याच्या आतच असते. एडिंबरोच्या किल्ल्यात युद्धसंग्रहालय आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यात इंग्रजांनी बांधलेल्या बराकींतून २०१९पासून संग्रहालये सुरू झाली. पन्हाळ्यावर अशा रिकाम्या बराकी उरल्या नाहीत. ज्या इमारती टिकल्या त्यांत शाळा भरली, वसतिगृह आले. म्हणून पन्हाळ्याचा प्रवास गडावर पुरा होत नाही. परतीच्या वाटेवर, मघाशी काचेतून पाहिलेल्या दोन जागी थांबावे लागते.

शिवाजी पूल ओलांडून शहरात शिरताना ब्रह्मपुरी. या टेकडीवर १९४५-४६मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि सातवाहन काळापासून बहामनी काळापर्यंतच्या वस्तीचे थर बाहेर काढले. कोल्हापूरचे संग्रहालय उभे राहिले ते या वस्तूंसाठी. आज ते टाऊन हॉलमध्ये आहे. इमारत १८७२ ते १८७६ या काळातली, चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुशिल्पकाराची. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची ब्राँझची मूर्ती इथे आहे. ती इतकी लहान आहे की मोठ्या शिल्पांमधून चालताना नजरेआड होते. पण रोमन जगाशी या नदीकाठचा व्यापार होता याची ती साक्ष आहे, आणि पन्हाळ्याचा डोंगर कोकणातल्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटांवर का मोलाचा होता, हे तिच्यावरून समजते. शिल्पे, नाणी, शस्त्रे आणि कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रे ही बाकीची दालने. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या कामासाठी वेगळा वेळ काढावा.

कसबा बावड्याच्या रस्त्यावरचा नवा राजवाडाही मँटचाच. १८७७ ते १८८४ या काळात काळ्या घडीव दगडात बांधलेला. तळमजल्यावरचे श्रीमंत शहाजी छत्रपती म्युझियम १९७४पासून लोकांसाठी खुले आहे. बहुतेकांना तिथले पेंढा भरलेले वाघ आठवतात. पन्हाळ्याहून येणाऱ्याने मात्र दरबार हॉलमध्ये मान वर करावी. खिडक्यांच्या रंगीत काचांत शिवचरित्रातले प्रसंग आहेत. शस्त्रांच्या दालनात तलवारी, कट्यारी आणि बंदुका आहेत. दुपारचे ऊन काचांतून आले की दरबाराच्या फरशीवर रंग सांडतात. अंबरखान्यातल्या उजेडाच्या चौकोनांनंतर हे पाहिले, की एका गादीने शंभर वर्षांत कुठून कुठे घर हलवले ते वेगळे सांगावे लागत नाही. बावड्यातच लक्ष्मी विलास पॅलेस आहे. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ला तिथे झाला. महामार्गाने गडमुडशिंगीकडे परतणाऱ्यांना कणेरी मठावरचे सिद्धगिरी म्युझियम फार आडवाटेचे नाही. तिथे बलुतेदार, शेतकरी आणि बाजाराचे गावगाड्यातले देखावे शिल्पांतून उभे केले आहेत. त्याचा पन्हाळ्याशी थेट संबंध नाही. पण कोठारातले भात आणि नाचणी कुणी पिकवली असेल, याचे चित्र तिथे मिळते.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला, जिंजी. पन्हाळा त्या बारांत आहे. यादीत नाव आले की पाट्या वाढतात, आणि पन्हाळ्यावर पाट्यांची गरज आहेच. दरवाजा कोणत्या काळातला आणि वाट कुणीकडची, एवढे तरी मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत असावे.

शेजारच्या पावनगडाची वेगळी कथा. हा जोडकिल्ला महाराजांनी १६७३ नंतर पन्हाळ्याच्या रक्षणासाठी बांधला. पन्हाळ्यावर येणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे जातात, कारण वाट जंगलातून आहे आणि कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. २०२१च्या सुरुवातीला तिथे दिशादर्शक फलक लावण्यासाठी खड्डा खणत असताना तोफगोळे लागले. उकरत गेले तसे आणखी निघाले, आणि मोजणी चारशेच्या पुढे गेली.